जुन्या डोझरवर खर्च करताना आधी कुठे पाहावे: इंजिन की चेन?

आपला प्रश्न मी समजलो तो असा. सुमारे ३० वर्षे जुना, मध्यम आकाराचा चेनचा डोझर आपण शेतीसाठी विकत घेतला आहे. बांध दुरुस्त करणे, शेततळ्यातील गाळ काढणे, झुडपे साफ करणे आणि उंचसखल तुकडे सपाट करणे ही कामे त्याच्याकडून करून घ्यायची आहेत. इंजिन सुरू होताना थोडा धूर सोडते, पण गरम झाल्यावर नीट ओढते. उजवा लिव्हर ओढला तरी मशीन उजवीकडे वळायला वेळ लावते आणि डाव्या बाजूची चेन दोनदा उतरली आहे. इंजिन खोलून रिंगा बदलाव्यात का आणि कोणते ऑइल वापरावे, हे आपण विचारले आहे.

ऑइलचे उत्तर सोपे आहे आणि ते पुढे देतो. पण आपण जी लक्षणे लिहिली आहेत त्यांत इंजिनाचे लक्षण सर्वांत किरकोळ आहे आणि पैसा मात्र आपण तिथेच घालायला निघाला आहात. थंड असताना थोडा धूर सोडणारे, गरम झाल्यावर दाब टिकवणारे आणि ऑइल फारसे न खाणारे इंजिन शेतीच्या मोजक्या तासांसाठी अजून बरीच वर्षे चालू शकते. वळताना आळस करणारे आणि चेन टाकणारे मशीन मात्र आज, उद्या, कधीही उतारावर माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून माझा सल्ला असा की आधी स्टिअरिंग आणि ब्रेक, मग चेन आणि तिच्याखालचा सगळा संच, आणि त्यानंतरच इंजिनाचा विचार करावा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. वर्षाकाठी मशीन किती तास चालणार, जमीन काळी चिकट आहे की दगडगोट्यांची, उतार किती, स्टिअरिंग क्लच (त्या त्या बाजूच्या चेनची इंजिनाशी जोडणी तोडून मशीन वळवणारे क्लच) कोरडे आहेत की ऑइलमध्ये बुडलेले, आणि चेन साधी आहे की आतून ऑइल भरलेली, यावर पुढचे बरेच निर्णय ठरतात. मशीनच्या पाटीवरचा सीरियल नंबर उतरवून त्या नंबरचे ऑपरेटर मॅन्युअल आणि पार्ट्स बुक मिळवणे हे पहिले काम समजा. एकाच मॉडेलच्या नावाखाली निरनिराळ्या वर्षी निरनिराळे भाग बसवलेले असतात, आणि नुसत्या मॉडेलच्या नावावर मागवलेला भाग पुष्कळदा बसत नाही.

आता उजवीकडे वळण्याच्या तक्रारीकडे येऊ. लिव्हर आणि ब्रेकचे पेडल वेगवेगळे असलेल्या मशीनवर दोष नेमका कशात आहे हे सपाट, मोकळ्या जागेवर थोड्या वेळात कळते. पहिल्या गिअरमध्ये सावकाश पुढे जाताना ब्रेकला हात किंवा पाय न लावता फक्त उजवा लिव्हर पूर्ण ओढा. क्लच सुटत असेल तर उजव्या चेनची ओढ जाते आणि मशीन हळूहळू उजवीकडे झुकू लागते. काहीच फरक पडला नाही तर क्लच सुटत नाही असे समजा. त्याचे कारण लिव्हरच्या जोडणीतील वाढलेली ढील असू शकते, मदतीला हायड्रॉलिक असेल तर तिथला कमी दाब असू शकतो, किंवा मशीन दीर्घकाळ उभे राहिल्याने प्लेटा गंजून एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात. मशीन झुकते, पण त्यानंतर ब्रेक दाबूनही घट्ट वळत नाही, असे असेल तर दोष ब्रेकच्या पट्ट्यात आहे. पट्टा झिजला असेल, त्याची जुळणी सैल झाली असेल किंवा तो ऑइलने भिजला असेल.

कोरड्या क्लचच्या मशीनवर क्लचच्या कप्प्याखाली निचऱ्याचा बूच असतो. तो काढून पाहा. आतून ऑइल आले तर शेजारच्या गिअरच्या कप्प्यातून किंवा फायनल ड्राइव्हकडून (चेन फिरवणाऱ्या शेवटच्या गिअर-संचाकडून) सील गळते आहे, आणि अशा वेळी नुसती जुळणी करून काही दिवस बरे वाटले तरी प्लेटा पुन्हा भिजणारच. पाणी आले तर मशीन पावसात उघडे उभे होते, आणि चिकटलेल्या प्लेटांचे कारण तिथेच सापडते. चिकटलेला क्लच मशीन पूर्ण गरम करून, मोकळ्या सपाट जागेवर लिव्हर ओढून धरून आणि त्या बाजूचा ब्रेक थोडा थोडा लावत पुष्कळदा सुटतो; मात्र हे काम अनुभवी मेकॅनिक सोबत असतानाच करावे. हा त्रास पुन्हा होऊ नये म्हणून हाताच्या लिव्हरची मशीन दीर्घकाळ उभी करताना काही जुने ऑपरेटर ब्लेड जमिनीवर टेकवून, मशीन सपाट जागेवर पक्के रोखून, स्टिअरिंगचे लिव्हर मागे बांधून ठेवतात, म्हणजे प्लेटा एकमेकींपासून सुटलेल्या राहतात.

याच ठिकाणी एक गोष्ट अगदी नीट समजून घ्यावी, कारण क्लच-ब्रेक पद्धतीचा डोझर नव्याने हाती घेणारे बहुतेक जण तिच्यात फसतात. सपाटीवर किंवा माती ढकलताना इंजिन चेनला ओढत असते, म्हणून उजवा क्लच सोडला की उजवी बाजू मागे पडते आणि मशीन उजवीकडे वळते. तीव्र उतारावरून रिकामे ब्लेड उचलून खाली येताना उलट घडते. तिथे मशीनचे वजन चेनला पुढे ढकलत असते आणि इंजिन तिला रोखून धरत असते. अशा वेळी ब्रेक न लावता उजवा क्लच सोडला तर उजव्या बाजूचा रोखच सुटतो, ती चेन अधिक वेगाने धावते आणि मशीन डावीकडे वळते. शेततळ्याच्या कडेने उतरताना असे अनपेक्षित वळण लागले तर काय होईल हे सांगायला नको. त्यामुळे उतारावर मशीन आपल्याला ढकलत आहे असे वाटताच, ज्या बाजूला वळायचे त्या बाजूच्या लिव्हरबरोबर त्याच बाजूचा ब्रेकही लावावा, किंवा शक्य असेल तर ब्लेड किंचित जमिनीला लावून उतरावे, म्हणजे ओढ पुन्हा इंजिनाकडे येते. आपला उजवा ब्रेक अशक्त आहे असा संशय असताना तो दुरुस्त होईपर्यंत मशीन उतारावर नेऊच नका.

आता चेन. चेनच्या डोझरच्या आयुष्यभराच्या दुरुस्तीखर्चापैकी साधारण निम्मा खर्च चेन, रोलर (मशीनचे वजन आणि चेन पेलणारी लहान चाके), आयडलर (चेन वळवणारे पुढचे मोकळे चाक) आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) यांच्यावर होतो, असे या व्यवसायात सर्वसाधारणपणे धरले जाते. हा संच किती तास टिकेल हे ऑइलच्या डब्यापेक्षा ऑपरेटरच्या हातावर अधिक अवलंबून असते.

डावी चेन दोनदा उतरली, तर तिची सैलाई का येते हे शोधले पाहिजे. प्रथम ताण मोजा. चिखल धुऊन काढू नका, कारण काम करताना चेनमध्ये जसा चिखल बसलेला असतो तशाच स्थितीत ताण पाहायचा असतो. मशीन सपाटीवर थोडे पुढे न्या आणि ब्रेक न दाबता आपोआप थांबू द्या. वरच्या बाजूला आधाराचा रोलर आणि पुढचे आयडलर यांच्यावरून सरळ पट्टी ठेवा आणि मधल्या भागात चेन पट्टीपासून किती खाली लोंबते ते पाहा. लहान आणि मध्यम मशीनवर हा झोळ बहुधा २५ ते ५० मिलिमीटरच्या दरम्यान असतो, पण आपल्या मॅन्युअलमधील आकडा हाच अंतिम मानावा. चेन उतरण्याच्या भीतीने ती तारेसारखी ताणून ठेवणारे बरेच जण मी पाहतो, आणि त्यांची पिन-बुश (कड्या जोडणाऱ्या पिना आणि त्यांच्यावर बसणाऱ्या नळ्या), आयडलरची बेअरिंग आणि फायनल ड्राइव्ह झपाट्याने झिजतात. चिकट माती स्प्रॉकेटमध्ये बसली की चेन आपोआप अधिक घट्ट होते, हेही विसरू नये.

ताण वाढवण्यासाठी बहुतेक मशीनवर ताणाच्या सिलिंडरला ग्रीस भरण्याचा निपल असतो. ताण कमी करताना मात्र फार जपावे. त्या सिलिंडरमधील ग्रीस अतिशय मोठ्या दाबाखाली असते. ग्रीस सोडण्याचा व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त सैल करू नये, चेहरा आणि हात त्याच्यासमोर आणू नये, आणि ग्रीस येत नाही म्हणून व्हॉल्व्ह किंवा निपल पूर्ण काढून पाहण्याचा मोह कधीही करू नये.

ताण बरोबर केल्यावर काही तासांच्या कामातच चेन पुन्हा सैल झाली तर त्या सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह ग्रीस सोडत आहे. ताण टिकतो, तरीही चेन उतरते, असे असेल तर मशीनच्या पुढे थोडे लांब उभे राहून चेनकडे सरळ रेषेत पाहा. पिन-बुश झिजलेली चेन सरळ न राहता नागमोडी दिसते. त्यानंतर रोलरच्या कडा आणि आयडलरचे दोन्ही बाजूंचे मार्गदर्शक पत्रे तपासा. कडा झिजून पातळ झालेला रोलर चेनला मध्यभागी धरून ठेवू शकत नाही. एकच रोलर फिरत नसेल तर तो एका बाजूने सपाट घासला जातो, आणि त्याच्या कडेला ऑइलने भिजलेली मातीची काळी गोल खूण दिसते. ही खूण रोज सकाळी सर्व रोलरवर शोधायची सवय ठेवा.

झीज नेमकी किती झाली आहे हे मोजून ठरवावे. स्प्रॉकेटच्या वरच्या भागातील दाते आणि चेन यांच्यात जुनी पिन किंवा लाकडी ठोकळा अडकवून, माणसे दूर ठेवून, मशीन अगदी हळू मागे घेतले की वरची चेन ताठ होते. मग इंजिन बंद करून एका पिनेच्या कडेपासून चार कड्या पुढच्या पिनेच्या त्याच कडेपर्यंतचे अंतर मोजा आणि नव्या चेनच्या अंतराशी ताडून पाहा. हे अंतर किती वाढले त्यावरून आतील पिन-बुशची झीज कळते. साध्या चेनमध्ये बुशची बाहेरची बाजू ठरलेल्या मर्यादेपर्यंत झिजली असताना पिना आणि बुश अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवता येतात, आणि स्प्रॉकेटला झिजलेल्या बाजूऐवजी न वापरलेली बाजू मिळते. पण ही वेळ हुकली आणि बुश फार पातळ झाली की ती फुटते आणि फिरवण्याचा मार्ग बंद होतो. स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले असतील तर त्यावर नवी चेन कधीही चढवू नका. चेन फार सैल झाली म्हणून एक कडी काढून ती आखूड करण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल. त्याने झोळ कमी होतो, पण कड्यांचे वाढलेले अंतर तसेच राहते आणि स्प्रॉकेट खाल्ले जाते, म्हणून मी तो उपाय हंगाम संपवण्यापुरताच मानतो.

चेन वाचवणारे चालवणे म्हणजे काय, तेही सांगतो. मागे जाताना वेग कमी ठेवा. पुढे जाताना ताण मुख्यतः जमिनीवरच्या भागावर असतो, तर मागे जाताना वरचा संपूर्ण भाग आणि आयडलरचा वळसाही ताणाखाली येतो, म्हणजे अधिक सांधे ताणाखाली वाकतात आणि बुश स्प्रॉकेटवर अधिक घासली जाते. परतीच्या फेरीत उगाच वेगाने मागे पळणे हीच शेतातील डोझरवरची सर्वांत महागडी सवय आहे. चेन जागच्या जागी घसरू देऊ नका. ब्लेड इतकेच भरा की चेन जमीन धरून राहील. कायम एकाच बाजूला वळू नका. आडव्या उतारावर, विशेषतः मागे जाताना, घट्ट वळण घेऊ नका, कारण चेन उतरण्याचे सर्वांत नेहमीचे निमित्त तेच असते. लांबच्या शेतात जायचे असेल तर मशीन ट्रेलरवर न्या. चेनच्या, जमिनीवर टेकणाऱ्या पट्ट्याही गरजेपेक्षा रुंद नसाव्यात. दगडाळ जमिनीवर रुंद पट्टीचे टोक दगडावर पडले की तिची पूर्ण तरफ पिना आणि बोल्टवर येते.

माती ढकलताना पहिल्या गिअरमध्ये एकाच चरातून पुन्हा पुन्हा जावे. दोन्ही बाजूंच्या मातीच्या भिंती ब्लेडमधील माती सांडू देत नाहीत आणि प्रत्येक फेरीत अधिक माती पुढे जाते. काप जिथे माती टाकायची त्या टोकापासून सुरू करून टप्प्याटप्प्याने मागे सरकत जावा. शेताच्या सपाटीकरणात एक गोष्ट अनेकदा राहून जाते: वरची १५ ते २० सेंटीमीटर सुपीक माती आधी बाजूला काढून ठेवावी, खालच्या थराचा उंचसखलपणा काढावा आणि मग ती माती परत पसरावी. ओल्या जमिनीवर डोझर चालवू नये. चेनमुळे जमिनीवरचा दाब चाकांच्या यंत्रांपेक्षा कमी असला तरी ओली माती त्यानेही दाबली जाते, आणि सपाट दिसणाऱ्या त्या तुकड्यात पुढे पाणी मुरत नाही.

शेततळ्याच्या कडेला माती ढकलताना ब्लेड कडेच्या बाहेर नेऊ नका. पहिला ढीग कडेपासून थोडा अलीकडे थांबवा आणि दुसऱ्या ढिगाने त्याला पुढे लोटा. नव्याने भरलेल्या भरावाची कड मशीनचे वजन पेलेलच असे नाही. आपल्या मशीनवर उलटण्यापासून संरक्षण देणारी मजबूत चौकट नसेल तर इंजिनाच्या रिंगांआधी तिच्यावर पैसा घाला, तिच्यासोबत सीटबेल्ट बसवा, आणि तोपर्यंत उतार, भरावाच्या कडा आणि उभी झाडे यांच्यापासून लांब राहा. जुन्या मशीनच्या बाबतीत आणखी एक सवय जीवघेणी आहे. बटन काम करत नाही म्हणून जमिनीवर किंवा चेनवर उभे राहून स्टार्टरची टोके स्क्रू-ड्रायव्हरने जोडून इंजिन चालू केले जाते. अनेक जुन्या मशीन गिअरमध्ये असतानाही सुरू होतात, आणि चेनवर उभ्या असलेल्या माणसाला त्यातून निसटायला वेळच मिळत नाही. बटन दुरुस्त होईपर्यंत मशीन उभे राहू द्या.

इंजिनाविषयी थोडक्यात. मॅन्युअलमध्ये वेगळे सांगितले नसेल तर चांगल्या दर्जाचे १५डब्ल्यू-४० डिझेल इंजिन ऑइल पुरेसे आहे आणि २५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, फिल्टरसकट बदलावे. ऑइलमध्ये चालणारे क्लच, पॉवरशिफ्ट (हायड्रॉलिक दाबाने बदलणारे) गिअर आणि ब्रेक यांना मात्र इंजिनाचे हाताशी असलेले ऑइल घालू नका; त्यांना घर्षण सांभाळणारे, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचे ऑइल लागते. डिझेलची टाकी संध्याकाळी भरून ठेवावी, म्हणजे रात्री आत दव धरत नाही, आणि सकाळी तळाचा बूच सैल करून पाणी काढावे. रेडिएटरमध्ये साधे पाणी घालणे बंद करा. ओल्या लायनरच्या (सिलिंडरच्या लायनरला बाहेरून थेट पाणी लागते अशा) इंजिनांत योग्य मिश्रणाच्या कूलंटशिवाय लायनरला बाहेरून खड्डे पडतात आणि एक दिवस पाणी ऑइलमध्ये उतरते.

धुळीची बाब मात्र सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण शेतात इंजिन झिजवण्याचे काम धूळच करते. एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर नवा असूनही हवा कुठून तरी परस्पर आत जाते आहे, आणि तिथे बहुतेक वेळा नळीची पट्टी सैल किंवा रबर तडकलेले सापडते. बाहेरचा फिल्टर आतून बाहेर, सुमारे २ किलो प्रति चौरस सेंटीमीटरपेक्षा जास्त दाब न देता, फुंकून साफ करता येतो. आतला सुरक्षा फिल्टर कधी साफ करू नका, थेट बदला. आपल्या धुराचे कारण तपासण्याची सुरुवातही याच नळीपासून करावी, आणि त्यानंतर गरम इंजिनचा ऑइलचा दाब आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारा वारा पाहावा. हे दोन्ही ठीक असतील तर इंजिन खोलू नका.

फायनल ड्राइव्हचे बूच मशीन रात्रभर उभे राहिल्यावर सकाळी थोडे सैल करून पाहा; आत पाणी शिरले असेल तर ते सर्वांत आधी बाहेर येते. ऑइल दुधी असेल तर सील गेले आहे, आणि ऑइलमध्ये धातूचे तुकडे असतील तर ते उघडणे पुढे ढकलू नका. शेतातील कुंपणाची तार, सुतळी आणि प्लॅस्टिक फायनल ड्राइव्हच्या मुळाशी आणि रोलरभोवती गुंडाळले जाते आणि सील कापते, म्हणून झुडपे साफ केल्याच्या दिवशी ते सगळे हाताने सोडवावे, अर्थात इंजिन बंद आणि ब्लेड जमिनीवर असताना. त्याच वेळी इंजिनाखालच्या पत्र्यावर साचलेला पालापाचोळाही काढावा, कारण गळणारे डिझेल, कोरडा कचरा आणि तापलेला एक्झॉस्ट मिळून मशीन जळते. आग विझवणारे सिलिंडर सीटजवळ आणि नीट काम करणारा बॅटरीचा मेन स्विच असणे मी अनिवार्य मानतो.

हायड्रॉलिकच्या पाइपमधून गळती होत असेल तर ती हाताने शोधू नका. सूक्ष्म फवारा कातडीत शिरतो, जखम टाचणीएवढी दिसते, आणि तरीही लगेच रुग्णालयात नेले नाही तर हात गमवावा लागू शकतो. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरा. उचललेल्या ब्लेडखाली मजबूत ठोकळे लावल्याशिवाय कोणीही जाऊ नये.

आपण वर्षातून मोजकेच तास मशीन चालवणार असाल तर उभे राहणे हाच त्याचा मोठा आजार ठरतो. महिन्याकाठी दहा मिनिटे इंजिन चालू करून बंद करणे उपयोगाचे नाही. तेवढ्यात आत ओल धरते, पण ती सुकण्याइतकी उष्णता होत नाही. चालू करायचे तर पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, थोडे पुढेमागे करा, दोन्ही बाजूंना वळवा आणि ब्लेड पूर्ण वरखाली फिरवा. उभे करताना चेनमधील चिखल काढावा, ब्लेड फळीवर टेकवावे, ब्लेडच्या हायड्रॉलिक जॅकच्या उघड्या चकचकीत दांड्यांना ग्रीस लावावे आणि एक्झॉस्टवर झाकण ठेवावे.

आपण आता पुढील दोन गोष्टी करून कळवा: सपाटीवरच्या चाचणीत उजवा क्लच सुटतो की नाही, आणि डाव्या-उजव्या दोन्ही चेनचे चार कड्यांचे अंतर किती भरते. क्लच सुटत असेल आणि चेन अजून मर्यादेत असेल तर ब्रेकची जुळणी आणि ताणाच्या सिलिंडरचे सील एवढ्यावर काम भागू शकेल. दोन्ही चेन आणि स्प्रॉकेट संपलेले निघाले, आणि आपले काम वर्षाला फार थोड्या तासांचे असेल, तर नवा संच घेण्याऐवजी मोजून तपासलेला, बराच जीव उरलेला जुना संच दोन्ही बाजूंना एकदम बसवणे अधिक परवडेल. एका बाजूलाच नवी चेन टाकू नका. दोन बाजूंची कड्यांची लांबी वेगळी असली तर मशीन सतत एकीकडे ओढत राहते.